वावळाची पाठवणी

अनंतरावांना झाडांचं वेड होतं असं म्हणणं म्हणजे कमीच सांगणं. यवतमाळच्या कचेरीत फायलींत मान घालून बसणारा हा माणूस रविवार उजाडला की कुदळ घेऊन माळरानं पालथी घालायचा. एका मासिकात त्यांनी जपानी बोन्सायचं चित्र पाहिलं होतं. जुनाट, सुरकुतलेला एल्म वृक्ष, आणि उंची हातभर! आपला वावळ त्याच एल्मचा भाऊबंद, हे कळल्यापासून त्यांची झोपच उडाली होती.

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात कळंबजवळच्या एका बंजारा तांड्याबाहेर त्यांना हवा तसा वावळ सापडला. बकऱ्यांनी वर्षानुवर्षं खुडून गुडघ्याएवढाच ठेवलेला, पण बुंधा मांडीसारखा जाड! अनंतराव चिखलात अक्षरशः नाचले. तांड्याचे नाईक प्रेमसिंग बघतच राहिले, त्यांची बायको सुखीबाई ओढणीआड हसली.

"पानं गळाली की काढलेलं झाड जगतं. माघात न्यायला येतो. तोवर सांभाळाल?" अनंतरावांनी विचारलं. दोघांनी मान डोलावली.

माघात ते धावतपळत आले आणि त्यांनी कपाळावर हातच मारला. आजूबाजूचे वावळ पानं झाडून उभे, आणि यांचा वावळ हिरवागार, पुरुषभर उंच! पाहुण्यानं सांभाळा म्हटल्यावर सुखीबाई कसर ठेवणार होय? तिनं भोवती बोरीचे काटे लावले होते, रोज घागर ओतली होती.

"कसं वाढवलं, सायेब!" ती फुलून म्हणाली.

"छान... पण हे वरचं सगळं छाटावं लागेल. मुळं तुटली की एवढा पाला त्याला पोसवणार नाही. मरेल हो ते."

"छाटाचं? लेकरावानी वाढवलं म्या. कोयता लावू देनार नाही!"

ती झाडापुढे उभीच राहिली. शेवटी प्रेमसिंग म्हणाले, "कोयता नको ना? मंग बकऱ्या सोड."

सुखीबाईनं विचार केला. "बकऱ्यायनं खाल्लं तं त्याले कापनं नाही म्हनत," असं म्हणून तिनं स्वतःच काटे ओढले.

बकऱ्या तुटून पडल्या. अनंतराव भोवती उड्या मारत ओरडत होते, "डावीकडची ठेव! अगं, ती फांदी नको!" कचेरीतला शिपाईसुद्धा ज्यांचं ऐकत नसे, त्यांचं बकऱ्या काय ऐकणार? पण घटकाभरात झाड पुन्हा असं काही खुजं, घाटदार झालं की अनंतरावांनी टाळ्याच वाजवल्या.

मग सगळ्यांनी मिळून खणलं. मुळांचा गड्डा मातीसकट निघाला तेव्हा त्यांनी आनंदानं प्रेमसिंगांना मिठी मारली. ओल्या गोणपाटात बांधलेलं झाड बैलगाडीत चढलं, आणि बायांनी चेष्टेत ढावलो सुरू केला. मुलगी सासरी निघताना गळ्यात पडून रडत गातात, तोच. सुखीबाईनंही हसत बुंध्याला मिठी घातली. गाता गाता तिचा आवाज फाटला. बाया गप्प झाल्या, ती एकटीच गात राहिली, खरंखुरं रडत.

"सुखीबाई... ठेवू का इथंच?" अनंतरावांच्या तोंडून निघून गेलं. आपण हे काय बोलून बसलो, म्हणून त्यांनी जीभ चावली.

तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"पाठवनी झाल्यावर पोरगी घरी ठेवते का कोनी?" ती म्हणाली आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली. "न्या. पन मले तिचं सासर पाहाले बोलवा."