मगांची रांग

लढाई संपली आणि कृष्णात पलटणीतून सुटून आला, तो गावी न जाता मिरजेलाच राहिला. चार वर्षं त्यानं पलटणीच्या लंगरात स्वयंपाक केला होता. स्टेशनसमोर एक गाळा घेऊन त्यानं खाणावळ काढली. बेत असा की जेवण पलटणीसारखं द्यायचं. घंटा झाली की सगळ्यांनी एका रांगेत बसायचं. ताटली सारखी, पांढरा इनॅमलचा मगही सारखाच.

पाटी रंगवायचं काम त्यानं मौलाला दिलं. मौला तंबोऱ्यांवर वेलबुट्टी काढणारा कारागीर. त्यानं पाटीवर बंदूकवाला शिपाई काढला, तो असा डोळे वटारलेला की गाडीतून उतरलेली माणसं बिचकून पुढं जायची. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "भरती हितंच हुती व्हय?"

तरी हळूहळू दहा-बारा गिऱ्हाइकं रोजची झाली. मग एके दुपारी कवठे महांकाळचा अर्जुना आला. महार पलटणीतून नुकताच सुटलेला. घंटा झाली तरी तो दाराबाहेरच थांबला आणि सवयीनं स्वतःचा पेला पुढं केला.

"पेला पिशवीत ठेव," कृष्णात म्हणाला. "रांगेत बस."

अर्जुना बसला. तसे दोन व्यापारी ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी रोजच्यांपैकी कुणीच फिरकलं नाही.

"आवं, भाईर एक बाकडं टाकू," बायको राहीबाई म्हणाली. "दोन मग येगळं ठेवू. सगळीच ठेवत्यात."

"लढाईत सगळी एका पखालीतलं पाणी पिऊन जगलो. हितं ते इसरू व्हय?"

"आन् गिऱ्हाईक?"

कृष्णातनं दारातून वर पाटीकडं पाहिलं. "आत बसल्यावर उठून जात्यात, म्हंजी आपुन आदी सांगितलं न्हाई. चूक पाटीची हाय."

तो तसाच मौलाकडं गेला. "मौलाभाई, शिपाई पुसा. नुसतं मग काढा, एका रांगेत. खाली लिवा, येगळा मग मिळणार न्हाई."

मौलानं कुंचला खाली ठेवला. "गड्या, पाटी माणसं बोलवायला असती. ही तर हाकलतीया."

"ज्याला जायाचं त्यानं दारातनंच जावं."

तीन दिवसांनी बारा मग तयार झाले. कृष्णातनं जवळ जाऊन पाहिलं. "ह्यो एक मोठा झालाय."

"कुणाला कळतंय?"

"भाईर बसलेल्याला कळतंय. पुसा."

मौलानं पुसून पुन्हा काढला.

पाटी लागल्यावर नऊ दिवस चूल पेटत होती आणि भाकरी उरत होती. कृष्णात रोज वेळेवर घंटा वाजवायचा, समोर कुणी नसलं तरी. दहाव्या दिवशी कोल्हापूरची गाडी धरायला उतरलेल्या, पलटणीतून सुटलेल्या शिपायांना पाटी दिसली. चौदा जण आत आले, न सांगता रांगेत बसले. त्यांनी पुढच्यांना सांगितलं. दवाखान्यात आलेल्या खेड्यातल्या माणसांना वाचता येत नव्हतं, पण चित्र कळायचं. ती बिनधास्त आत यायची.

ते दोन व्यापारी पुन्हा कधी आले नाहीत. शेजारचा दुकानदार कृष्णातशी बोलेनासा झाला, तो कायमचाच.

वर्षभरानं सांगलीच्या पेठेत दुसरी खाणावळ काढायचं ठरलं, तेव्हा मौलाकडं राहीबाई स्वतः गेली.

"शब्द तेच लिवा, भाऊ," ती म्हणाली. "पर मोठ्ठं लिवा. लांबनं दिसाय पायजेत."