चतुर्थीची भरती

दिपालीनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली तेव्हा कमळा कशेळीच्या घरी मोरीत बोंबील साफ करत बसली होती. सहलीत करायच्या गोष्टी: समुद्रात डुंबणे, घोडागाडी, नारळपाणी, पाण्यातला पडका किल्ला, त्यातले जुन्या देवळाचे खांब, भरपूर फोटो. कमळानं हात पुसून यादी वाचली आणि किल्ल्यापाशी थांबली. ओहोटीला चालत जायचं, भरतीच्या आत परतायचं, असं पुढं लिहिलं होतं. तिला हवं होतं ते आयतंच सापडलं.

दोन वर्षं कमळा या धाकट्या जावेवर डूख धरून होती. आणि कारण काय लहानसहान होतं? मृणालीचं, तिच्या एकुलत्या एका पोरीचं, लग्न ठरत आलेलं. मुलगा वडप्याचा, घरची दोन गोदामं. साखरपुड्याची तारीखसुद्धा काढली होती, आणि अचानक निरोप आला, आम्हाला नको. पुढं एका हळदीत मुलाच्या मावशीनं कमळाच्या कानाशी लागून सांगितलं, "तुमची दिपालीच आलेली आमच्याकडं. पोरीला फिट येतात म्हनाली." फिट! जिला कधी साधा ताप आला नाही त्या पोरीला! कमळाच्या अंगाची नुसती लाही झाली. पण घरात तोंड उघडावं तर गावभर बोभाटा, आणि नाव खराब व्हायचं ते पोरीचंच. ती गप्प बसली. फक्त त्या दिवसापासून जावेच्या हातचा चहा तिनं तोंडाला लावला नाही. दिपालीनंही कधी विचारलं नाही, वहिनी, माझं काय चुकलं म्हणून. विचारेल कशाला? मनात चोर असणाऱ्या बाईची छाती होते होय!

समुद्रावर पोचले तेव्हा नऊ वाजले होते. पाणी पार मागं गेलेलं, किल्ल्यापर्यंत ओली वाळू आणि खडक. घोडागाडी दिसताच मृणाली बापाला घेऊन तिकडं पळाली. दिपालीचा नवरा भाविक सुरूच्या सावलीत आडवा झाला.

"वहिनी, भरती किती वाजता?" दिपालीनं नवी टोपी घालत विचारलं. "मोबाईलवर कशाला बघू, तुम्ही आहात ना!"

कमळाचा बाप जन्मभर खाडीत रेतीची होडी चालवायचा. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, हे त्यानं लेकीला आणि पुढं नातीलाही शिकवलेलं. आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती म्हणजे साडेअकराला वाट बुडायला लागणार, बारानंतर पाय ठेवायची सोय नाही. आणि दिपालीला पोहता येत नव्हतं.

"आज सहाला हाय," कमळा म्हणाली. "चारपर्यंत निवांत फिर."

दिपाली टोपी सावरत गेली. कमळा वाळूवर फतकल मारून बसली आणि तिनं भुईमुगाच्या शेंगांची पुडी सोडली. रड म्हणावं अंधार पडेपर्यंत त्या खांबांना मिठी मारून! चार माणसांत तमाशा होऊ दे. आणि घाबरून पाण्यात उतरली तर? उतरली तर उतरली. माझ्या पोरीचा संसार बुडवताना तिनं केला होता का विचार? दोन वर्षांत पहिल्यांदा कमळाला खाल्लेलं गोड लागत होतं. जाळं सुकवणारा एक म्हातारा ओरडला, "बाई, पाणी येतंय, तिकडं तुमचं कोण हाय का?" तिनं त्याच्याकडं मान वळवली नाही.

पावणेबाराला मृणाली परतली. "काकी कुठं गं?"

"किल्ल्यावर."

"अजून? आई, आज चतुर्थी! तू सांगितलं न्हाय तिला?"

"सहाला भरती म्हनून सांगितलं." कमळानं शेंगेचं टरफल फेकलं. "फिट येतात ना माझ्या पोरीला? आता कळू दे तिला, जीव घाबरा होणं काय असतं."

मृणालीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, ते मीच सांगायला लावलं होतं."

"काय?"

"मला तो मुलगा नको होता. दोनदा तुझ्याकडं विषय काढला, दोन्हीदा तू ताट भिरकावलंस. मग काकीच्या पाया पडले. कायपन सांग पन मोड, म्हटलं. तू काकीचा चहा सोडलास तेव्हाच ओळखलं, तुला कळलंय. खरं सांगते म्हनाले, तर तीच म्हनाली, राहू दे, वहिनी तुला सोलून काढतील, माझ्यावर रागावल्या तर रागावू देत."

कमळा ताडकन उठली. समोर बघते तर दिपाली वाटेच्या मध्यावर, कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही हात वर करून उभी. टोपी कुठं दिसत नव्हती. कमळानं साडी वर खोचली आणि आरडाओरडा करणाऱ्या पोरीला तिथंच टाकून ती पाण्यात शिरली. खडक पायानं चाचपत, लाटेला खांदा देत ती पोचली तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. दिपालीनं तिला घट्ट धरलं. दात वाजत होते तिचे.

"सहाला म्हणाला होतात ना, वहिनी?"

तिथी मोजायला चुकले, हे कमळाच्या अगदी ओठांवर आलं. पण ते काही तिला बोलवेना.

"खोटं सांगितलं," ती म्हणाली. "तुझं वाईट व्हावं म्हनून सांगितलं."

दिपालीनं उजवा हात सोडवला आणि कमळाच्या थोबाडीत दिली. मग लाट आली, तसा तोच हात तिनं पुन्हा जावेच्या गळ्यात टाकला.

"आणि तरी धावत आलात, म्हणजे मृणालीनं सगळं सांगितलं वाटतं," ती धापा टाकत म्हणाली. "तिला एक शब्द बोलायचा नाही, सांगून ठेवते. चला आता."