धोंडबाची पाठ

"सून असती तर माहेरी धाडली असती. पोरगं हाये म्हणून तोंड दाबून बसली मी," कांताबाई शेजारच्या गोपिकाला सांगत होती. तोंड दाबलेलं काही दिसत नव्हतं, अर्धी गल्ली ऐकत होती. "वाकून चालून राहिला वं घरात! दुधाले वाकून, पाण्याले वाकून. लोकं इचारतात, धर्मेंद्रचा मनका सरकला काय?"

"नाटकाचं काम हाये ना त्याचं, काकी."

"मंग नाटकात वाक म्हणा. माह्या घरात माह्या नवऱ्याची नक्कल काहून?"

कांताबाईच्या नवऱ्याचा, धोंडबाचा, जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर गेला. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, त्या वाघिणी तो पाठीवरून रिकाम्या करी. सिमेंट, गहू, खत. 'तिथं वाघिणी, घरी आलो तं इथंबी वाघीणच,' असं म्हणून हसायचा. आता तो नाही, आणि त्याच्या टोळीतले चार-दोन म्हातारे काय ते उरलेत. ही माणसं होती हे कुणाला कळावं तरी, म्हणून वस्तीतल्या पोरांनी नाटक बसवलं. रविवारी त्याच धक्क्यावर त्या नाटकाचं शूटिंग होणार होतं. धोंडबाचं काम त्याच्याच पोराकडे, धर्मेंद्रकडे होतं.

कांताबाईला नाटकाचं वावडं नव्हतं. तिचं दुखणं निराळं होतं आणि ते गोपिकाला सांगण्यासारखं नव्हतं. धोंडबा धक्क्यावरून निघे तो धनुष्यासारखा. गल्लीच्या तोंडाशी नळ होता. तिथं भिंतीला हात लावून तो कण्हत कण्हत सरळ होई, केसांवरून पाणी फिरवी आणि मग साहेबासारखा घरात येई. पोरांसमोर त्याने कधी सदरा काढला नाही. पोरं झोपली की कांताबाई तापल्या विटेने ती पाठ शेकायची. सोललेली, घट्टे पडलेली. "पोरायले दिसू देऊ नको," एवढंच तो म्हणायचा.

धर्मेंद्र आला. वाकूनच आला. गोपिका हळूच सटकली.

"तुह्या बापानं जी पाठ तुमच्यापासून झाकली," कांताबाई म्हणाली, "ते तू साऱ्या नागपूरले दाखवतं? त्याचा ताठा तेवढा ठेवला होता माह्यापाशी. तोबी मोडतं?"

नळाची गोष्ट, विटेची गोष्ट, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. पोरगा ओशाळेल असं तिला वाटलं होतं. तो खाली बसला.

"मले माहीत हाये, आई."

"काय माहीत हाये?"

"सातवीत होतो. बाबा डबा इसरला, तू मले धक्क्यावर धाडलं. त्याच्या पाठीवर सिमेंटचा कट्टा होता. म्या हाक मारली. त्यानं पायलं माह्याकडे, वळखलं, अन् तसाच निंगून गेला. जसं दुसऱ्याचं पोरगं हाये. डबा म्या तिथल्या एका मामापाशी ठेवला."

"घरी आला तं काई बोलला नाई?"

"ताठ आला. म्हणे, आज डबा कोनं आणला होता गा? म्या म्हटलं, मले माहीत नाई, बाबा. मी तं खेळाले गेलो होतो." धर्मेंद्र जमिनीकडे पाहत होता. "त्याले बरं वाटलं. हसला. मले शेंगदाण्याची चिक्की आणून देली दुसऱ्या दिवशी."

कांताबाईने पदर सारखा केला. तो सारखाच होता. इतकी वर्षं नवरा पोरापासून झाकत होता, पोरगा नवऱ्यापासून, आणि मध्ये बसून ती आपली एकटीच राखण करते आहे असं समजत होती. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. तिने त्यालाही शिवी दिली नाही.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला, सवयीने सरळ झाला.

"ताठ नोको होऊ. चालून दाखव."

तो वाकून दारापर्यंत गेला, वळला, परत आला. ती बघत होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही, पुसताना त्याची चाल दिसली नसती म्हणून.

"कमी पडून राहिलं, धर्मेंद्र," ती म्हणाली. "अजून वाक."