टाकीचं कुलूप

"साल्या, माह्या हातात बराबर जाते न येते. तुयाच हातात काहून बंद पडते गा?"

बळीरामनं व्हॅनचं दार असं आपटलं, का गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. मे महिन्याचं ऊन बेलदरी गावावर आग ओतत होतं. व्हॅनमधल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या उकडून काळ्या पडल्या होत्या. नागपूरचा बाजार उठल्यावर पोचला तर कोण घेते सांभार? गिरिधर तसाच भरल्या गाडीनं माघारी आला होता.

गिरिधर म्हणजे बळीरामच्या बायकोचा, मनकर्णाचा, धाकटा भाऊ. दोघांनी मिळून ही पुराणी व्हॅन घेतली होती. एक दिवस भाटव्यानं, म्हणजे बळीरामनं, भाजी न्यायची, एक दिवस साळ्यानं. चार महिने गाडं बरं चाललं. मग गेल्या तीन आठवड्यांपासून व्हॅननं नखरे मांडले.

"भाटवे, देवाशपथ सांगतो," गिरिधर घाम पुसत म्हणाला. "पंधरा-वीस किलोमीटर गेली का धापा टाकते, न बंद. तासभर उभी ठेवली का आपोआप सुरू होते. मी का करू?"

"पेट्रोल पाह्यलं?"

"कसं पाहू? टाकीच्या कुलपाची चाबी तुमच्या करदोड्याले! मी चोर हावो न?"

बळीरामच्या मनात तेच होतं. टाकीतलं पेट्रोल कमी होते असं त्याला वाटलं, तेव्हा त्यानं नागपूरच्या महाल बाजारातून कुलपाचं झाकण आणून बसवलं होतं. त्यात दिघोरीच्या प्रेमानंद मिस्त्रीनं भर घातली. त्यानं प्लग बदलले, कॉइल बदलली, पंप खोलून धुतला. पण व्हॅन त्याच्यापुढं शहाण्या पोरीसारखी चालायची. शेवटी तो म्हणाला होता, "दुखणं वैद्यासमोर लपून बसते, बळीरामभाऊ. पण तुमच्या हातात चालते म्हणता, तं चालवणाऱ्याच्या पायातच दोष असन."

तो काटा बळीरामच्या टाळक्यात रुतून बसला होता.

"मले समजत नाई का?" तो आता म्हणाला, "चोर हायेसच तू. मुद्दाम बंद पाडतं. मी कटाळून व्हॅन सोडीन, मंग तुले एकट्याले मोकळं रान!"

गिरिधरनं त्याची कॉलर धरली. बळीरामनं कानफटात हाणली. मग दोघंही फुफाट्यात पडले. गिरिधर तरणा गडी. तो उरावर बसला न त्यानं भाटव्याचं डोकं बंपरवर आदळलं. एकदा, दोनदा. बळीरामचा ओठ फाटला, दात हलला, तोंड रक्तानं भरलं. "म्हण चोर! पुन्हा म्हण!" गिरिधर त्याचा गळा दाबत होता. बळीरामचा हात धडपडत बंपरखाली गेला. तिथं टायर काढायची टॉमी पडली होती. हातभर लोखंड.

पहिला घाव गिरिधरच्या कानावर बसला. ओल्या लाकडात कुऱ्हाड जावी तसा आवाज झाला. गिरिधर लवंडला, तरी दुसरा घाव खांद्यावर उतरला. तिसऱ्यासाठी हात वर गेला, तेवढ्यात मनकर्णा पिठाच्या हातानं धावत आली न नवऱ्याच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त निघेस्तोवर तिनं दात सैल केले नाहीत. टॉमी खाली पडली.

"मारून टाकलं माह्या भावाले!"

शेजारचे मधुकरराव पळत आले. "ॲम्ब्युलन्सची वाट पाहाल तं हातचा जाईन. याच गाडीत टाका!"

भाजी रस्त्यावर फेकली. मनकर्णानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं, पदर कानाशी दाबून धरला. बळीरामनं व्हॅन उमरेड रोडला लावली न जीव खाऊन पळवली. त्याच्या मनगटातून रक्त गळत होतं, पण ते त्याला दिसत नव्हतं. आरशात फक्त लाल पदर दिसत होता.

बारा किलोमीटरवर व्हॅन धापा टाकू लागली. दोन हिसके दिले न उभी राहिली.

बळीरामनं चाबी फिरवली. फिरवली, फिरवली. मग स्टेअरिंगवर कपाळ आपटून घ्यायला लागला.

"गिऱ्याचा श्वास घरघर करून राह्यला!" मनकर्णा ओरडली. "तुमच्या हातात बंद नाई पडत न? मंग?"

"पडते वं," तो रडकुंडीला आला. "माह्याही हातात पडते. पण लगेच सुरू होते."

"काय करता तुमी?"

"काई नाई. कुलूप काढून पेट्रोल पाहतो. झाकण लावतो, न सुरू..."

बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मनकर्णानं भावाचं डोकं हळूच सीटवर ठेवलं. नवऱ्याच्या कमरेची चाबी ओढली, करदोड्यासकट. तिनं झाकण फिरवलं तशी टाकीनं सूंऽऽ करून हवा आत ओढली. बुडता माणूस वर येऊन श्वास घेते तशी. तिनं झाकण उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबचं रबर गोल कापून घट्ट बसवलेलं.

"हे काय?"

"उन्हानं पेट्रोल उडते म्हून मीच..."

"तेलाच्या पिप्याले दोन भोकं काहून पाडतो आमी? एकातून तेल, एकातून हवा. हवा नाई गेली तं थेंब नाई येत भाईर. एवढं बायाले समजते!" तिनं झाकण बाभळीच्या बनात भिरकावलं, लुगड्याची चिंधी फाडून टाकीच्या तोंडात सैलशी खोचली. "चालवा!"

पहिल्याच चाबीला व्हॅन सुरू झाली. ती बंदच राहिली असती तर आपण चुकीचे ठरलो नसतो, असं बळीरामला क्षणभर वाटलं. नागपूरला रामदासपेठेतल्या दवाखान्यापर्यंत व्हॅन कुठंही थांबली नाही.

गिरिधरला स्ट्रेचरवर घेतलं. नर्सनं जखमेवर ठेवलेला कापूस उचलून डॉक्टरनं विचारलं, "हे कशानं लागलं?"

"जॅक सरकला साहेब," बळीराम घाईनं बोलला. "व्हॅनखाली होता, न..."

गिरिधरनं सुजलेला डोळा उघडला. बहिणीकडं पाहिलं. तिचा संसार त्याला दिसला असावा. ओठ हलले. "हो... जॅकच..."

"खोटं बोलून राह्यले दोघंही," मनकर्णा म्हणाली. तिच्या हातावरचं पीठ रक्तात कालवून सुकलं होतं. "लिवा साहेब. यायनं मारलं, टॉमीनं. दोन घाव बसले. तिसरा मी बसू नाई देल्ला."

"मनकर्णा, अवं..."

तिनं मान वळवली नाही. नर्सनं कागद पुढं ओढला, पोलिसाला फोन लावायला सांगितलं, न पेन उचललं.

"तुम्ही कोण? नातं काय?"

मनकर्णानं एकदा भिंतीला टेकलेल्या नवऱ्याकडं पाहिलं, एकदा स्ट्रेचरकडं.

"पेशंटची बहीण," ती म्हणाली. "बहीण लिवा."