चंदेरी नाक

मित्रांनो, विमानाच्या नाकात बसून मी अकरा वर्षे पाऊस पाहिला. कुठे पडतो आहे, किती जोराचा आहे, एवढे सांगणे हेच माझे काम होते. मी एक जुना हवामान रडार आहे. सध्या चंद्रपूरच्या एका प्रशिक्षण संस्थेत लाकडी टेबलावर पडून असतो. फार थकलो आहे. तरी एकदा सगळे सांगून टाकावे असे वाटते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. त्याचे मला फारसे आठवत नाही. १९७८ साली मला एका दोन इंजिनांच्या लहान विमानात बसवले आणि ते विमान नागपूरच्या वनराजी हवाई सेवेने विकत घेतले. माझे अंग तीन ठिकाणी विभागलेले होते. विमानाच्या नाकात माझी तबकडी होती. ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखी फिरायची. तिच्या मागे माझी पेटी होती. आणि वैमानिकासमोर माझा पडदा होता, साधारण जेवणाच्या ताटलीएवढा.

विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज परत येतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी तशीच हाक मारायचो, पण ती कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींची. समोर पावसाचे थेंब असले की लहरी त्यांच्यावर आपटून परत येत आणि पडद्यावर हिरवा डाग उमटे. हलका पाऊस फिकट दिसे, जोराचा पाऊस चकचकीत. आणि जिथे विमान मोडून टाकील असा पाऊस आणि गारा असत, तिथे चकचकीत कड्याच्या आत एक काळे भोक दिसे. त्या भोकापासून वैमानिकाने वीस मैल तरी लांब राहायचे असते. वळसाही वारा जिकडून येतो त्या बाजूने घ्यायचा, कारण वादळ आपल्या गारा पुढच्या बाजूला फेकत चालते.

आमचे वैमानिक होते कॅप्टन देवराव रामटेके. ते मूळचे ब्रह्मपुरीकडचे. माणूस कमी बोलणारा. विमान सुरू केले की आधी माझा पडदा रुमालाने पुसत. मला सांभाळायचे काम खुशाल दुर्गे या तंत्रज्ञाकडे होते. त्याचे वडील घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला होते आणि खुशाल त्यांच्या घरातला पहिला शिकलेला. माझी तबकडी ज्या टोपीखाली असे, ती विमानाच्या नाकाची टोपी खुशाल दर आठवड्याला ओल्या कापडाने पुसायचा. ती काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची होती, कारण लहरींना तिच्यातून आरपार जाता आले पाहिजे.

आम्ही अहेरीला जायचो, सूरजागडच्या डोंगरात लोखंडाचा शोध घेणाऱ्या लोकांना न्यायचो, कधी साहेबांना, कधी आजारी माणसाला. पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. मग सवय झाली. जे रोज नीट चालते, त्याकडे कोणी पाहत नाही. मीही तक्रार केली नाही. फिरत राहिलो.

१९८६च्या मार्च महिन्यात खुशालचे वडील आजारी पडले आणि तो पंधरा दिवस घुग्घुसला गेला. त्याच काळात कोणी मोठे पाहुणे एप्रिलमध्ये आमच्या विमानाने जाणार असल्याचे आमच्या व्यवस्थापकांना कळले. विमान जुने दिसते, असे त्यांना वाटले. त्यांनी रंगारी बोलावला आणि विमानाला रंग दिला. नाकाला दिला झगझगीत चंदेरी रंग, एकावर एक तीन हात. त्या रंगात धातूची पूड होती.

मित्रांनो, माझ्या डोळ्यावर जणू पत्रा ठोकला गेला. माझी निम्मी हाक बाहेर पडेना, आणि जी पडे तिचे उत्तर आत येता येता विरून जाई. मला बोलता येत नाही. पडदा चालू होता, तबकडी फिरत होती. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ठीकच दिसत होते.

खुशाल परत आला. चमकते नाक पाहून तो थबकला.

"साहेब, नाकाले कोणता रंग लावला जी?" त्याने व्यवस्थापकांना विचारले.

"चांगला महागाचा आहे. सगळं विचारूनच लावलाय," ते म्हणाले.

"पण याच्यात धातू असन तर..."

"खुशाल, पंधरा दिवसांची रजा दिली ना तुला? आता कामाला लाग."

रजेच्या ओझ्याने तो गप्प बसला. त्या दिवशी त्याने नाक नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसले. पुसल्याने तो रंग जाणार नव्हता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, आम्ही अहेरीच्या धावपट्टीवर उभे होतो. सूरजागडच्या शोधछावणीतल्या जंगू नावाच्या मजुरावर दगड कोसळला होता. त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि एक फुप्फुसात घुसली होती. जीपने त्याला अहेरीला आणले होते, पण ऑपरेशन नागपूरलाच होणार होते. त्याच्याबरोबर बायनाबाई नावाच्या परिचारिका होत्या. मागच्या खुर्च्या काढून स्ट्रेचर ठेवले होते. शेजारी प्राणवायूचे एकच सिलिंडर.

"साहेब, हे तासाभराचंच हाये," बायनाबाई म्हणाल्या. "पोचतो ना आपण?"

"पन्नास मिनटं लागतात बाई," देवराव म्हणाले.

आम्ही उडालो. वीस मिनिटांनी समोर, मूलच्या बाजूला, ढग उभा राहिलेला दिसला. देवरावांनी माझ्या पडद्याकडे पाहिले. मी जे दिसत होते ते दाखवले: एक साधा हिरवा डाग. काळे भोक नव्हते.

मला तेवढेच दिसत होते. मी खोटे बोलत नव्हतो. पण जे सांगत होतो ते खरे नव्हते.

पडद्यावर विश्वास ठेवला असता तर सरळ जायचे होते. थोडा पाऊस, थोडे हेलकावे आणि पलीकडे नागपूर. मागून जंगूच्या श्वासाचा घरघर आवाज येत होता. देवरावांनी पुन्हा खिडकीतून पाहिले. ढग जांभळट काळा होता, त्याचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा पसरला होता, आणि पोटाकडे हिरवट झाक होती. तशी झाक गारांच्या ढगाला असते.

मग त्यांनी जे केले, ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी माझ्या तबकडीचा कल बदलणारी कळ फिरवली आणि तोंड खाली, जमिनीकडे वळवून पडद्याची डावी बाजू पाहिली. त्या बाजूला पावसाचा ढग नव्हता. तिथे तीस मैलांवर चंद्रपूर होते. चांगल्या दिवसांत मी इरई धरणाचे पाणी काळ्या डागासारखे दाखवायचो आणि शेजारचे वीजकेंद्र लख्ख ठिपक्यासारखे. देवरावांनी ते शेकडो वेळा पाहिले होते.

आज तिथे काहीच नव्हते. नुसते फिकट धुके.

"याले दिसून नाई राह्यलं," देवराव हळूच म्हणाले.

"काय झालं साहेब?" बायनाबाईंनी मागून विचारले.

"बाई, हे यंत्र आंधळं झालं हाये. हे म्हणते समोर काई नाई. पण एवढं मोठं चंद्रपूर याले दिसत नाई, तं त्या ढगात काय हाये ते याले काय दिसन? मी वणीवरून फिरून जातो. वीस मिनटं जास्त लागतीन."

बायनाबाईंनी सिलिंडरचा काटा पाहिला. मग म्हणाल्या, "साहेब, वीस मिनटं याच्याजवळ नाईत. सिलिंडर संपलं तं मी काय करू? सरळ नाई का जमत?"

"सरळ गेलो तं तिघंही नाई पोचणार." देवराव म्हणाले, "चंद्रपूरलेही उतरता येत नाई, तिथं धूळ उठली म्हणून वायरलेसवर सांगून राह्यले. मी विमान खाली घेतो. खाली हवा दाट राहाते, त्याले थोडं सोपं जाईन. धक्के बसतीन, पण."

"मंग घ्या खाली," त्या म्हणाल्या. "मी पाहातो."

त्यांनी जंगूला पाठीमागे उशी लावून अर्धवट बसते केले, स्वतः त्याच्या मागे बसल्या आणि त्याला छातीशी धरले. प्राणवायूची चावी थोडी बारीक केली. तो गोंडीत काहीतरी पुटपुटला.

"बोलू नोको बाबू," त्या म्हणाल्या. "दम घे. मी मोजतो, तू दम घे."

आणि त्या मोजू लागल्या. एक, दोन. एक, दोन. विमान झाडांच्या माथ्यांवरून हेलकावत पश्चिमेकडे वळले. इतके लांबून जाऊनही वादळाच्या कडेने फेकलेल्या गारा काही क्षण आमच्यावर आल्या. माझ्या टोपीवर फटाफट दगड मारल्यासारखा आवाज झाला. देवरावांनी विमान आणखी पश्चिमेकडे ओढले. त्यांनी पडद्याकडे पुन्हा पाहिले नाही. मला त्याचे वाईट वाटले, आणि बरेही वाटले.

नागपूरच्या धावपट्टीला चाके लागली तेव्हा सिलिंडरचा काटा शून्यावर टेकून काही मिनिटे झाली होती. जंगूचे ओठ निळे पडले होते, पण बायनाबाई मोजतच होत्या. रुग्णवाहिका उभी होती. त्याला तसाच नेला.

संध्याकाळी बातमी आली. मूलकडे गारांनी कौले फोडली होती आणि साग आडवे केले होते. आणि दवाखान्यातून निरोप आला की ऑपरेशन झाले, माणूस जगेल.

खुशाल कंदील घेऊन माझ्या नाकापाशी आला. गारांनी रंगाचे टवके उडवले होते. त्याने एक टवका नखाने उचलला, दिव्यापुढे धरला. जाड, चमचमता. तो खाली बसला.

"मी विचारलं होतं साहेब," तो देवरावांना म्हणाला. "पण उत्तर ऐकून गप्प राह्यलो. दुसऱ्यांदा नाई विचारलं."

देवराव त्याच्या शेजारी बसले. "आता काय करतो?"

"सारा खरडून काढतो. चार दिवस लागतीन."

पण मोठे पाहुणे दुसऱ्याच दिवशी येणार होते. व्यवस्थापक सकाळी आले. "पाहुणे गेल्यावर काय खरडायचं ते खरड," ते म्हणाले. "आकाश स्वच्छ आहे. आज वहीत सही कर."

विमान उडण्यालायक आहे अशी तंत्रज्ञाची सही वहीत लागते. ती नसेल तर विमान जागेवरून हलत नाही. खुशालने पेन खिशातून काढले, वहीत 'रडार निकामी' असे लिहिले आणि पेन परत खिशात ठेवले.

"मी सही करत नाई साहेब."

"नोकरी जाईल."

"जाईन," खुशाल म्हणाला. "बापाले सांगीन मी."

देवराव बाजूला उभे होते. त्यांनी आपली टोपी काढून खुर्चीवर ठेवली. "सही नाई, तं मीही उडत नाई," एवढेच बोलले.

पाहुणे मोटारीने गेले. खुशालने चार दिवस बसून रंग खरडला. त्याच्या बोटांची सालटी निघाली. पाचव्या दिवशी मी पुन्हा चंद्रपूर पाहिले, इरईचे पाणी पाहिले. मे महिन्याच्या शेवटी खुशालला कामावरून कमी केल्याचे पत्र मिळाले.

मी पुढे तीन वर्षे फिरलो. दुसरा कोणी तंत्रज्ञ आला, पुसायचा कधी, कधी नाही. देवराव निवृत्त झाले. १९८९ मध्ये विमान विकले गेले. नव्या मालकाला रंगीत पडद्याचा रडार हवा होता, म्हणून मला उपटून भंगारात टाकले. खुशाल तोवर चंद्रपूरच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागला होता. त्याने मला भंगारातून मागून आणले. आता मुले माझी तबकडी हाताने फिरवून पाहतात.

मागच्या महिन्यात बायनाबाई एका माणसाला घेऊन आल्या. एक खांदा उतरलेला, चालताना थांबत होता. तो जंगू होता. त्याने माझ्या तबकडीवर हात ठेवला.

"यानं वाचवलं का मले?" त्याने विचारले.

खुशालने खोटे सांगितले नाही. "नाई भाऊ. याले त्या दिवशी दिसत नव्हतं. देवराव साहेबाईनं ते ओळखलं."

जंगूने हात काढला नाही. "याले कोणी विचारलं नाई का, दिसते का म्हून?"

खुशाल खाली पाहू लागला. "एकदाच विचारलं," तो म्हणाला.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. तुमच्यासाठी कोणीतरी सतत पाहत असते. यंत्र असेल, घरातले माणूस असेल. त्याला सजवू नका एक वेळ, पण दिसते का, ते विचारत जा. उत्तर पटले नाही तर दुसऱ्यांदा विचारा. आणि जाताना ती खिडकी तेवढी लावून घ्या. घुग्घुसच्या रस्त्याची धूळ येते, आणि खुशालला आता रोज पुसणे होत नाही.