बारावर बांधलेला आवाज

मी टीव्ही बोलतोय. तुम्ही म्हणाल, त्यात नवल काय, बोलणं हाच तुझा धंदा. खरं आहे. पण आजवर मी बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्या दुसऱ्यांच्या, गाणी दुसऱ्यांची, रडणंसुद्धा भाड्याचं. आता माझा पडदा फुटलाय, दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. तेव्हा म्हटलं, चार वाक्यं स्वतःची बोलून घ्यावीत.

जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं, पुसलं आणि थर्माकोलमध्ये निजवलं. जाग आली ती दुकानाच्या भिंतीवर. तिथे आम्ही वीस-बावीस भाऊ ओळीने टांगलेले, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच पोपट. पोपट उडाला की बाविसांचा उडायचा. गिऱ्हाईक यायचं, हाताची घडी घालून चार पावलं मागे सरकायचं आणि जन्मभर रंगांचाच व्यापार केल्यासारखं म्हणायचं, "लाल जरा भडक आहे." मग किंमत विचारायचं, आणि तोच लाल एकदम बरा दिसू लागायचा. माणसांची मला मोठी गंमत वाटायची.

एका दुपारी एक जोडपं आलं. बाई शिवणकाम करणाऱ्या. टेप गळ्यातच राहिली होती. त्यांनी घरची भिंत मोजून आणली होती. दार आणि खिडकी यांच्यामधली जागा अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर रुंद, बासष्ट उंच. हे आकडे त्यांनी विक्रेत्याला दोनदा सांगितले आणि खालच्या ओळीतल्या माझ्या धाकट्या भावाकडे बोट दाखवलं. तो तिथे अंगरख्यासारखा चपखल बसला असता.

नवरा हसला. "आमच्याकडे टीव्हीलासुद्धा मापाचे कपडे लागतात," असं विक्रेत्याला म्हणाला. माणूस देखणा, बोलणं मऊ. गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला सर म्हणत. विक्रेत्याची मेहुणी त्याच्याच हाताखाली शिकली होती. पाच वेळा गाडी खांबाला लावली, पण सर एकदाही ओरडले नाहीत, असं त्याने कौतुकाने सांगितलं.

सरांनी रंग पाहिला नाही, किंमतही आधी विचारली नाही. ते म्हणाले, "चित्र राहू द्या. आवाज दाखवा."

विक्रेता खूश झाला. दर्दी गिऱ्हाईक, असं त्याला वाटलं. हल्लीचे टीव्ही पातळ, त्यामुळे त्यांचा आवाजही पातळ, हे त्याने समजावलं. मग मला सुरू केलं. मी गेल्या वर्षीचा, पाठीने जरा जाड, पण माझे स्पीकर दणदणीत. आवाज साठवर नेल्यावर शेजारच्या कपाटाच्या काचा थरथरल्या. सर दुकानाच्या दारापर्यंत चालत गेले, कान देऊन ऐकलं आणि परत येऊन म्हणाले, "हाच."

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. बावीस जणांतून मला निवडलं, तेही आवाजावर. विक्रेता उत्साहाने बाकीच्या सोयी सांगत सुटला. मुलाबाळांच्या घरी आवाजाला मर्यादा घालता येते, चार आकड्यांचं कुलूप लावलं की त्यापुढे तो वाढत नाही. सर बिल करायला गेले होते. ऐकत होत्या त्या एकट्या बाई.

त्या जागेत मी मावलो नाहीच. माझा एक कोपरा खिडकीवर आला आणि तिचं एक दार कायमचं मिटलं. बाईंच्या मशीनवर त्याच खिडकीतून उजेड यायचा. त्यांनी मशीन वीतभर सरकवलं आणि दिवा लावून त्या शिवू लागल्या.

सर शिकाऊंना एक धडा रोज द्यायचे. आधी आरसा बघा, मग सिग्नल द्या, मगच वळा. हा क्रम मोडायचा नाही. घरीसुद्धा ते क्रम मोडत नसत, हे मला चौथ्या दिवशी कळलं.

बाई फोनवर बहिणीशी बोलताना हसल्या होत्या, एवढंच कारण. सरांनी खिडकीतून खाली पाहिलं. पडदा ओढला. रिमोट उचलून माझा आवाज साठवर नेला. आणि मग ते वळले. पहिला फटका तोंडावर. बाई मशीनवर आदळल्या, तेव्हा त्यांना केसांना धरून उठवलं आणि भिंतीवर डोकं आपटलं, एकदा, दोनदा. माझ्यावर विनोदी कार्यक्रम चालू होता. लोक खदाखदा हसत होते, आणि त्या हसण्याखाली त्यांचं किंचाळणं कुठल्या कुठे विरून गेलं. सर स्वतः ओरडले नाहीत. त्यांनी कधीच आवाज चढवला नाही, माझा चढवला.

तेव्हा मला कळलं, माझी निवड कशासाठी झाली होती.

असं आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. लाथा पोटात, पट्टा पाठीवर, कारण दिसत्या जागी वळ नकोत हीसुद्धा शिस्तच. एकदा कात्रीची मूठ हातावर मारून त्यांचं एक बोट मोडलं, आणि त्याच हाताने त्यांना दुसऱ्या दिवशी बारा पडदे शिवून द्यायचे होते. पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी चढू लागली, की बाई आधीच दोन्ही हात डोक्यावर घ्यायच्या. माझी पट्टी! मला स्वतःचीच किळस यायची. पण टीव्हीला का कधी नाही म्हणता येतं? बटण दाबलं की बोंबलायचं.

खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. मी साठवर गेलो की त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. ठकठक आली की मला वाटायचं, आता येतील, आता बेल वाजेल. पण काकू माझ्या नावाने शिव्या घालून गप्प बसायच्या. शेवटी एकदा जिन्यात त्यांनी सरांना अडवलं. सर किती नम्र! "माफ करा काकू, हिला जरा कमी ऐकू येतं," असं त्यांनी सांगितलं, आणि वर येऊन तेच बाईंना हसत हसत ऐकवलं. काकूंना दया आली. त्या दिवसापासून त्या बाईंशी हात हलवून, मोठ्याने बोलू लागल्या, आणि छत ठोकायचंही त्यांनी सोडलं.

पुढच्याच महिन्यात सरांच्या उघड्या पंजाचा फटका बाईंच्या डाव्या कानावर बसला. कानातून रक्ताची धार आली, आणि त्या कानाने त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही. दवाखान्यात बाईंनी शिडीवरून पडले म्हणून सांगितलं. सरांनी काकूंना आधी खोटं सांगितलं होतं, मग ते खरं करून ठेवलं.

रविवारी सकाळी सर शिकाऊंना घेऊन बाहेर असायचे. अशाच एका रविवारी बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. माझ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी कापडांच्या गठ्ठ्यात जपलं होतं. उजव्या हाताचं वाकडं बोट ओळींवरून फिरवत त्या एकेक पायरी वाचत गेल्या. आवाज. मर्यादा. बारा. मग मी कुलपाचे चार आकडे विचारले. त्यांनी नऊ, आठ, सहा, दोन दाबलं. ज्या मापाची दुकानात थट्टा झाली होती, तेच भिंतीचं माप. पक्कं झाल्यावर त्यांनी आवाज वाढवून पाहिला. मी बारावर थांबलो. त्यांनी माझ्या कडेवरची धूळ पदराने पुसली. इतक्या महिन्यांत मला प्रेमाने लागलेला तो पहिला हात.

मंगळवारी संध्याकाळी एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला देऊन गेलं. पुरुषाचं माप का घेतलंस, एवढं पुरलं. सरांनी खाली पाहिलं, पडदा ओढला, रिमोट उचलला. दहा, अकरा, बारा. पट्टीशेजारी छोटं कुलूप उमटलं. त्यांनी पुन्हा दाबलं. रिमोट तळहातावर आपटला, बॅटऱ्या फिरवून घातल्या, पुन्हा दाबलं.

बाई म्हणाल्या, "वाढायचा नाही तो. बारावर बांधलाय मी."

सरांचा चेहरा मी समोरून पाहिला. सिग्नल न देता ते आयुष्यात कधी वळले नव्हते. त्या दिवशी वळले. रिमोट बाईंच्या कपाळावर फोडला, पडल्यावर बरगडीत लाथा घातल्या, टेपने गळा आवळला. टेप सैल होताच बाई किंचाळल्या. शब्द नव्हते, नुसता आवाज, आणि तो साठच्याही वरचा होता. मी बाराच्या आत हवामान सांगत होतो. इतका हळू मी कधी नव्हतो, आणि इतका सुखी तर नव्हतोच.

सरांनी इस्त्री उचलली आणि फेकली. ती बाईंच्या खांद्याला चाटून माझ्या पडद्यात घुसली. काच तडकली, अर्धा मी काळा झालो. वाईट वाटलं नाही. एक तरी घाव माझ्या वाट्याला आला.

तेवढ्यात बेल वाजली. मग दारावर धक्के. काकूंच्या मुलाने कडी उखडली आणि सरांना मागून मिठी घालून खाली पाडलं. काकू हातात झाडू घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. बाईंच्या उजव्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "आज टीव्हीचा आवाज नव्हता गं. म्हणून तुझा ऐकू आला." आणि मग त्या जमिनीवर बसून रडल्या. इतके दिवस आपण टीव्हीला शिव्या घालत होतो, एवढंच म्हणत राहिल्या.

पोलीस आले, तक्रार झाली. सरांना त्या घराच्या वाटेला जायची बंदी आहे, खटला चालू आहे. शिकाऊंचा अजून विश्वास बसत नाही. इतका शांत माणूस, म्हणतात.

सध्या मी दुरुस्तीच्या दुकानात, टेबलाखाली आहे. बाई मला घेऊन आल्या तेव्हा कारागिराने सवयीने विचारलं, पडला का? इतके महिने शिडी, जिना, ओली फरशी सांगणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "नवऱ्याने इस्त्री मारली. आधी मला मारलं, मग याला." कारागिराने माझी पाठ उघडून पाहिली. नवा पडदा परवडणार नाही, पण स्पीकर शाबूत आहेत, दुसऱ्या टीव्हीला बसतील, असं तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. जाताना सांगून गेल्या, की आता खिडकीची दोन्ही दारं उघडतात.

उद्या माझा आवाज माझ्यातून काढतील. तो कुणाच्या घरी जाईल, मला ठाऊक नाही, आणि त्याचीच धास्ती आहे. म्हणून जाता जाता एवढंच मागतो. शेजारचा टीव्ही एकाएकी मोठा झाला, तर घरात बसून छत ठोकू नका. एक जिना चढा आणि बेल वाजवा. उगाच गेलात असं निघालं, तर शिव्या मला द्या.