ग्रुमांतवरचा खोटा ईस्टर

झोपेल त्याला त्सिंगा म्हातारी, म्हणजे स्कर्व्हीचा रोग, उचलते, हे पांढऱ्या समुद्राकाठच्या शिकाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. आधी हिरड्या सुजतात, मग दात हलतात, मग माणूस झोपतो तो उठतच नाही. म्हणून पार उत्तरेच्या, उन्हाळ्यात सूर्य न बुडणाऱ्या ग्रुमांत बेटावर हिवाळा काढणारे दोरीला गाठी मारतात, सोडतात, पुन्हा मारतात. जागं राहायचं, एवढाच उद्योग.

दोन सोबती तसेच गेले होते. आता मोकेई आणि त्याचा थोरला भाऊ साव्वाती, दोघंच उरले होते. साव्वातीच्या हातातून दोरी गळाली तेव्हा मोकेईनं ती उचलून पुन्हा त्याच्या मुठीत कोंबली. जहाज यायला अजून तीन महिने होते. दादा गेला तर या बेटावर आपण एकटे! मरणाचीही त्याला एवढी भीती वाटत नव्हती.

त्यानं रेनडिअर मारून गरम रक्त वाडग्यात आणलं. या दुखण्यावर तेवढाच उतारा.

"मोठा उपवास चाललाय," साव्वातीनं तोंड फिरवलं. "रक्ताळल्या तोंडानं देवापुढं जाऊ?"

"जायची एवढी घाई कशाला? देव काय पळून चाललाय?"

"गप रे. ईस्टरला उपवास सुटेल, तेव्हा दे."

ईस्टरला एकतीस दिवस होते. साव्वातीजवळ तेवढे नव्हते.

दिवस मोजायची काठी आता मोकेई सांभाळी. रोज एक खाच. त्या दिवशी त्यानं एकतीस पाडल्या. घाईत सुरी दोनदा बोटात घुसली. दादा सूर्यावरून तारीख सांगणारा, म्हणून खिडकीवर कातडं ठोकलं. मग त्याला गदागदा हलवलं.

"दादा, ख्रिस्त उठला!" ईस्टरचा हा नमस्कार खोटा घालताना आता आपली जीभ झडणार, असं त्याला वाटलं.

साव्वातीनं काठी चाचपली. "एवढे दिवस झोपलो मी?"

"अस्वलासारखा."

"खरोखर उठला," साव्वाती पुटपुटला आणि त्यानं वाडगा तोंडाला लावला.

मग रोज एक वाडगा. मोकेई मात्र वाळकी भाकर भिजवून खात राहिला. त्याला खरी तारीख ठाऊक होती. खोटं बोललो ते दादासाठी. स्वतःच्या पोटासाठी आणखी पाप कशाला?

बाराव्या दिवशी साव्वाती आपल्या पायांनी बाहेर गेला आणि लालबुंद होऊन आत आला.

"सूर्य अजून बुडतोय! ईस्टर झाल्यावर इथं सूर्य बुडतो का रे, लबाडा? माझ्याकडून उपवास मोडवलास!"

त्यानं हात उगारला. मोकेई बाकावरून उठला नाही. हसायला त्यानं तोंड उघडलं. हिरड्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या.

साव्वातीचा हात खाली आला. "तू... तू प्यायला नाहीस?"

"माझा उपवास आहे ना, दादा. अजून एकोणीस दिवस." त्याचे डोळे मिटत होते. भीती कुठं गेली, त्यालाच कळेना.

"पी! पाप माझ्या माथी, पण पी!" साव्वाती वाडगा त्याच्या मिटल्या ओठांवर दाबत राहिला. रक्त हनुवटीवरून दाढीत ओघळलं. "पोरा, मला एकट्याला टाकून जाऊ नकोस रे!"